हलक्या जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक: एका माझदा एमएक्स-५ चं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९९० सालची माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, १.६ लिटर इंजिनाची. हे मॉडेल फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा दिसलं आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये विक्रीला आलं. वजन हजार किलोच्या आत, ताकद साधारण ११५ अश्वशक्ती, ड्राइव्ह मागच्या चाकांना, एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं अडकून घसरू न देणारी यंत्रणा) नाही. मालक मूळचा पुण्याचा, नोकरीनिमित्त इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात राहणारा. ओळख उघड होईल असे तपशील इथे वगळले आहेत. मी त्याचा वयाने मोठा मित्र. गाड्यांच्या कामात मला त्याच्यापेक्षा थोडा जास्त अनुभव, म्हणून या प्रकरणात सुरुवातीपासून सोबत होतो.

गाडी रोजच्या वापरातली नव्हती. शनिवार-रविवारी गावाकडच्या रस्त्यांवर फेरफटका आणि अधूनमधून कॅसल कूमच्या ट्रॅकवर सर्वांसाठी खुला दिवस, एवढाच तिचा वापर. कॅसल कूम हा विल्टशरमधला ट्रॅक जुन्या हवाई तळाच्या जागेवर आहे, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा आणि बराच वेगवान. या प्रकरणात त्यातली एक जागा महत्त्वाची आहे: एव्हन राइझचा उंचवटा आणि त्यापुढचं क्वारी हे उजवं वळण. उंचवट्यावरून जाताना गाडी क्षणभर हलकी होते आणि नेमका तिथेच ब्रेक दाबावा लागतो. ब्रेकमध्ये काही उणं असेल तर ते या जागी लपत नाही.

अडचण

शरद ऋतूतल्या एका ट्रॅक दिवशी, काही फेऱ्या जोरात मारल्यावर, क्वारीच्या आधी पेडल लांब जायला लागलं. पुढच्या फेरीत ते जवळपास तळाला टेकलं. मालकाने दोन-तीनदा पेडल मारून दाब आणला, वळण सांभाळलं आणि गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅककडेच्या थांब्यावर, घेतली. तासाभराने पेडल बरंचसं पूर्ववत झालं होतं, फक्त आधीपेक्षा मऊ लागत होतं. शिवाय जास्त वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरत होतं.

घरी पोचायच्या आत त्याचा निष्कर्ष तयार होता. "दादा, ब्रेकच लहान आहेत. पुढे चार पिस्टनचे कॅलिपर आणि मोठ्या डिस्क टाकूया का?" (डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती, आणि कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोराने तिच्यावर घर्षणाचे पॅड दाबणारा चिमटा.) एका दुकानाने तसा संच सुचवलाही होता. फक्त पुढच्या चाकांसाठी, पेटीतून काढून थेट बसवण्याजोगा.

ब्रेक लहान आहेत ही तक्रार सरसकट चुकीची नव्हती. १.६ लिटरच्या गाडीला पुढे २३५ मिलिमीटरच्या, मधून हवा खेळणाऱ्या डिस्क आहेत आणि मागे २३१ मिलिमीटरच्या भरीव. आजच्या साध्या हॅचबॅकलाही याहून मोठ्या असतात. पण त्या हॅचबॅकचं वजन या गाडीच्या सव्वापट-दीडपट असतं. मालकाला मी एकच विनंती केली: काहीही विकत घेण्याआधी काय बिघडलं ते शोधू.

निदान

ब्रेक दगा देतात तेव्हा पेडल कसं वागलं हे सगळ्यात आधी विचारायचं. पेडल कडक आहे, पाय पूर्ण ताकदीने दाबतोय आणि गाडी थांबत नाही, असं असेल तर पॅडने हात टेकले: त्याचं तापमान कामाच्या मर्यादेबाहेर गेलं आणि घर्षण पडलं. पेडल लांब आणि मऊ होत असेल तर पाइपात वाफ झाली, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. द्रव दबत नाही, वाफ दबते, म्हणून पाय खाली जातो आणि कॅलिपरपर्यंत दाब पोचत नाही. इथे दुसरा प्रकार झाला होता. त्यामुळे पहिला संशयित डिस्कचा आकार ठरत नव्हता.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात ओल शिरल्यावर तोच किमान १५५ अंशांवर येतो. या गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं याची कागदोपत्री नोंद नव्हती आणि कॅलिपरच्या निपलमधून (ऑइल काढायच्या छोट्या तोटीतून) निघालेलं ऑइल चहाच्या रंगाचं होतं. ऑइल का उकळलं याचं अर्धं उत्तर मिळालं. उरलेलं अर्धं जास्त मोलाचं होतं: पुढच्या कॅलिपरमध्ये एवढी उष्णता आली कुठून?

ते मागची चाकं काढल्यावर कळलं. मागच्या उजव्या डिस्कच्या दोन्ही बाजू चकचकीत होत्या, पण डावीकडची एकच; दुसरी बाजू गंजलेली, चरे पडलेली. या गाडीचे कॅलिपर एका पिस्टनचे, पिनांवर सरकणारे आहेत. पिस्टन एका बाजूचा पॅड दाबतो आणि कॅलिपर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून घेतो. पिन जाम झाली की एकच पॅड काम करतो. जुन्या एमएक्स-५ मध्ये मागच्या पिना जाम होणं हा इतका नेहमीचा आजार आहे की तो तिथे असणारच असं धरूनच चाक काढावं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, त्याने हा आजार लवकर बळावतो.

मग जुने कागद काढले. ब्रिटनमध्ये गाडीला दरवर्षी एमओटी तपासणी करून घ्यावी लागते आणि त्यात रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात. एकाच अ‍ॅक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या) दोन चाकांमधला फरक ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर गाडी नापास होते. या गाडीच्या मागच्या चाकांतला फरक मर्यादेच्या आत, पण कडेला होता, म्हणून गाडी पास झाली आणि शेऱ्यात एक ओळ पडली. ती ओळ कोणी गांभीर्याने घेतली नव्हती. मागचे ब्रेक आपला वाटा उचलत नव्हते, तो भार पुढच्यांवर जात होता, पुढचे तापत होते आणि त्यांच्यातलं म्हातारं ऑइल उकळत होतं.

स्टिअरिंगच्या थरथरीबद्दल थोडं. लोक लगेच म्हणतात, डिस्क वाकली. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. पॅडचं द्रव्य डिस्कवर कमी-जास्त चिकटलेलं असतं किंवा डिस्कची जाडी फिरत्या घेरात कुठे कमी, कुठे जास्त झालेली असते. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून गाडी पिटमध्ये उभी केली की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. इथे ठसा डोळ्यांनी दिसत होता.

आकडेमोड

चार पिस्टनच्या संचाचा मोह बोलून जाणारा नव्हता. म्हणून कागदावर हिशेब मांडला.

चालकासह गाडी १०८० किलोची धरली आणि वेग ताशी १६० वरून ७० किलोमीटरवर आणला, तर ब्रेकना सुमारे ८६० किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. जोरात ब्रेक लावताना वजन पुढे सरकतं. या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २२६५ मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर धरला, तर ०.९ जी च्या (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट जोराने मंदावणाऱ्या) ब्रेकिंगमध्ये पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या ६८ ते ७० टक्के भार येतो. ऊर्जेचा वाटाही साधारण तसाच पडतो, म्हणजे पुढच्या प्रत्येक डिस्कला ३०० किलोज्यूल. डिस्क चार किलोची धरली तर एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान दीडशे अंशांच्या आसपास चढतं. पुढच्या वळणापर्यंत ती थोडी निवते, मग पुन्हा तेच. मागच्या ब्रेकनी आपला तिसरा हिस्सा उचलला नाही की पुढच्या डिस्कच्या वाट्याचे १५० अंश २०० कडे सरकतात.

थांबण्याचं अंतर मात्र टायर ठरवतो. ताशी १०० किलोमीटरवरून एक जी ने थांबायला ३९ मीटर लागतात, मग ब्रेक कोणतेही असोत. या गाडीचे मूळ ब्रेक थंड असताना चारही चाकं लॉक करू, म्हणजे फिरायची थांबवून घसरवू, शकत होते. म्हणजे पकडीची कमतरता नव्हती. कमतरता होती उष्णता सहन करण्याची आणि तीही बऱ्याच अंशी देखभालीअभावी आलेली.

पर्याय

मोठा संच: पुढे २८० मिलिमीटरच्या आसपासच्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर. मूळ कॅलिपरचा एकच पिस्टन ५१ मिलिमीटरचा आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २०५० चौरस मिलिमीटर. ३५ मिलिमीटरच्या चार पिस्टनांपैकी प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे सुमारे १९२५. चार पिस्टन ऐकायला भारदस्त वाटतात, पण दाबणारं क्षेत्रफळ उलट थोडं कमीच. फायदा येतो तो डिस्कच्या मोठ्या त्रिज्येतून. दोन्ही गुणून पाहिलं तर पुढचा ब्रेकिंग टॉर्क (चाकाला थांबवणारा पीळ) साधारण १४ टक्क्यांनी वाढतो आणि मागचा आहे तिथेच राहतो.

इथेच आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जरा आधी लॉक व्हावीत अशा बेताने कंपनी ब्रेकचा तोल ठेवते. मागची आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते. पुढची आधी लॉक झाली तर ती सरळ जाते, आणि साध्या चालकाच्या हाती ते बरं. पण तोल आणखी पुढे ढकलला तर पुढचे टायर लवकर हार मानतात आणि मागच्या टायरची शिल्लक पकड वायाच जाते. एबीएस नसलेल्या गाडीत एव्हन राइझवर, गाडी हलकी झालेली असताना, याचा अर्थ एकच: पुढचं चाक लॉक, स्टिअरिंग निकामी आणि थांबण्याचं अंतर आधीपेक्षा जास्त.

आणखी दोन हरकती होत्या. अशा संचांतल्या बऱ्याच शर्यतीच्या कॅलिपरना पिस्टनवर धुळीपासून वाचवणारी रबरी टोपणं नसतात. शर्यतीच्या गाडीचे कॅलिपर वरचेवर उघडले जातात, पण मिठाच्या रस्त्यांवर वर्षभर फिरणाऱ्या गाडीत पिस्टन गंजायला हे निमंत्रणच. आणि एवढ्या मोठ्या कॅलिपरसाठी मूळची १४ इंची चाकं बदलावी लागली असती.

माझदाचेच मोठे ब्रेक: १९९४ च्या सुमारास १.८ लिटरची आवृत्ती आली तेव्हा माझदाने पुढच्या डिस्क २५५ आणि मागच्या २५१ मिलिमीटरच्या केल्या. दोन्हीकडे व्यास २० मिलिमीटरने वाढला, त्रिज्या १० ने. त्यामुळे पुढचा आणि मागचा टॉर्क जवळपास सारख्याच प्रमाणात, साधारण दहा टक्क्यांनी वाढतो आणि तोल जागचा हलत नाही. कॅलिपरची मूळ बॉडी ठेवून फक्त त्याला धरणारे ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड बदलायचे. सगळं १४ इंची चाकांत मावतं. पुढची डिस्क १८ ऐवजी २० मिलिमीटर जाडीची, त्यामुळे उष्णता साठवायला ढोबळमानाने पाचवा हिस्सा जास्त लोखंड. पुढे २००१ च्या आसपास दुसऱ्या पिढीच्या स्पोर्ट आवृत्तीत २७० मिलिमीटरच्या डिस्क आल्या, पण त्यांना १५ इंची चाकं हवीत.

मूळ ब्रेक नीट करणं: कॅलिपर उघडून नवे सील, नव्या पिना, नवे होज (ऑइलच्या लवचीक नळ्या), चांगलं ऑइल, चांगले पॅड. आकार तोच.

भोकं पाडलेल्या डिस्कवर फार वेळ घालवला नाही. भोकाच्या कडेपासून तडे सुरू होतात आणि आधीच हलक्या डिस्कमधलं लोखंड आणखी कमी होतं. ट्रॅकवर नेणार असाल तर साध्या, गुळगुळीत डिस्क घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

निर्णय आणि काम

पहिला निर्णय असा की काम दोन टप्प्यांत करायचं आणि दुसरा टप्पा मोजमापावर ठरवायचा. मालकाला हे पटायला वेळ लागला, कारण हिवाळा हातात होता आणि एकदाच सगळं उरकायची त्याची इच्छा होती. पण सगळं एकदम बदललं असतं तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळलं नसतं.

पहिल्या टप्प्यात चारही कॅलिपर उतरवले. सील आणि पिस्टन बदलले. पिनांना सिलिकॉनचं ग्रीस लावलं. पेट्रोलियमपासून बनलेलं साधं ग्रीस इथे लावू नये, त्याने ब्रेकमधलं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. जुने रबरी होज आतून फुगलेले होते, त्यांच्या जागी बाहेरून जाळी गुंफलेले घेतले. याने थांबण्याचं अंतर कमी होत नाही, पेडल मात्र ठाम लागतं. ऑइल असं निवडलं की ज्याचा कोरडा (ओल शिरण्याआधीचा) उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर आहे. अशा ऑइलची किंमत म्हणजे ते दरवर्षी बदलायची शिस्त, आणि ती मालकाने मान्य केली.

मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची अ‍ॅडजस्टमेंट असते, ती बरेच जण विसरतात. मागच्या बाजूचा छोटा बोल्ट काढला की आत ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने फिरणारा स्क्रू असतो. चाक अडकेपर्यंत तो आवळायचा आणि मग साधारण तिसरा हिस्सा फेरा मागे घ्यायचा. हे न करता पॅड बदलले तर पेडल लांब राहतं आणि माणूस ब्लीडिंग (पाइपातली हवा काढणं) करकरून दमतो.

टायरही बदलले. बाजूवरच्या चार आकड्यांवरून बनल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं. हे टायर नक्षी भरपूर शिल्लक असूनही म्हातारे, कडक झालेले होते. खर्चाच्या यादीत मालकाने टायर शेवटी लिहिले होते, मी ते पहिले करायला लावले.

पॅडच्या बाबतीत खरा निर्णय होता तो मागच्या चाकांचा. पुढे जास्त तापमानाचे पॅड टाकून मागे साधे ठेवायची पद्धत रूढ आहे, पण त्याने तोल पुन्हा पुढे जातो. उलट पुढे साधे आणि मागे जोरदार पकडीचे ठेवले तर मागचं चाक आधी लॉक होण्याचा धोका. आम्ही दोन्हीकडे एकच पॅड घेतले, फेरोडोचे डीएस२५००. ते थंडीतही पकडतात, त्यामुळे रस्त्यावर पहिल्याच सिग्नलला घाबरायची वेळ येत नाही. निव्वळ शर्यतीचे पॅड मागच्या, कमी तापणाऱ्या डिस्कवर कधी कामाच्या तापमानाला पोचलेच नसते.

वसंतात गाडी पुन्हा कॅसल कूमला गेली. जाण्याआधी डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारा रंग लावला. असे तीन रंग मिळतात: हिरवा ४३० अंशांवर पांढरा होतो, नारिंगी ५६० वर पिवळा होतो, लाल ६१० वर पांढरा. कमाल तापमान कुठवर गेलं ते दिवसाच्या शेवटी रंग पाहून कळतं. पिटमध्ये हातातल्या थर्मामीटरने घेतलेला आकडा त्यामानाने फसवा, कारण तोवर डिस्क बरीच निवलेली असते.

पेडल दिवसभर ठाम राहिलं. ऑइल उकळलं नाही, थरथर नाही. पहिल्या टप्प्याने मूळ तक्रार मिटवली होती. पण पुढच्या डिस्कवर नारिंगी रंग पिवळा पडला होता, म्हणजे तापमान ५६० च्या वर गेलं होतं आणि ते या पॅडना झेपणारं नव्हतं. पॅडच्या कडाही भुसभुशीत झालेल्या दिसल्या. मागच्या डिस्कवर हिरवा रंग अजून हिरवाच होता.

या पुराव्यावर दुसरा टप्पा घेतला: १.८ चे ब्रॅकेट आणि डिस्क, पुढे आणि मागे एकाच वेळी. पुढे डिस्कमागच्या पत्र्याच्या ढाली कडेला वाकवाव्या लागल्या, बाकी सगळं जागेवर बसलं. नवे पॅड नव्या डिस्कवर वेग हळूहळू वाढवत बसवले, मध्ये पूर्ण न थांबता. विमा कंपनीला बदल लेखी कळवला. माझदाचाच भाग असला तरी त्या गाडीचा मूळ भाग नाही, तेव्हा हे कळवणं टाळू नये.

परिणाम

पुढच्या ट्रॅक दिवशी हिरवा रंग पांढरा झाला, नारिंगी तसाच राहिला. म्हणजे कमाल तापमान ४३० आणि ५६० च्या मध्ये, पॅडना पेलवेल इतपत. एव्हन राइझवर ब्रेक लावताना गाडी सरळ राहते आणि पुढचं चाक लॉक होण्याआधी पायाला त्याची चाहूल लागते, असं मालक सांगतो. मी शेजारी बसून पाहिलं तेव्हा मलाही तेच जाणवलं. त्यानंतरच्या एमओटीत मागच्या दोन चाकांमधला फरक नगण्य निघाला.

थंड ब्रेकवर, रस्त्यावर, थांबण्याचं अंतर १.८ च्या डिस्कमुळे कमी झालं असं आम्हाला वाटत नाही. जो फरक पडला तो टायर आणि मोकळे झालेले मागचे कॅलिपर यांच्यामुळे. मोठ्या डिस्कनी पेडलवर थोडा कमी जोर लागू लागला आणि फेऱ्यांमागून फेऱ्या तीच पकड टिकू लागली. एकूण खर्च नव्या टायरसकट चार पिस्टनच्या संचापेक्षा कमी झाला, कारण ब्रॅकेट जुन्या गाडीचे मिळाले आणि मजुरी आमचीच होती.

वेगळं काय करता आलं असतं

एमओटीच्या शेऱ्यातली ती ओळ हे सगळ्यात स्वस्त निदान होतं. ती वाचल्यावर मागची चाकं उघडली असती तर ट्रॅकवर पेडल खाली जाण्याचा प्रसंगच आला नसता. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने मागचे काही अहवाल मागवून प्रत्येक चाकाचे ब्रेकचे शेरे पाहावेत, इंजिनाच्या आवाजाइतकं त्याकडे लक्ष द्यावं.

पहिल्या टप्प्यात १.६ च्या आकाराचे नवे पॅड घेतले आणि दुसऱ्या टप्प्यात ते निरुपयोगी ठरले, कारण १.८ चे पॅड वेगळ्या आकाराचे असतात. ही किंमत मला मान्य आहे, तिच्या बदल्यात कोणत्या कामाने काय साधलं हे स्पष्ट कळलं. पण गाडी नियमित ट्रॅकवर जाणार हे आधीच ठरलेलं असेल आणि ब्रॅकेट हाताशी असतील, तर कॅलिपर दुरुस्त करतानाच १.८ चे भाग बसवणं योग्य. गाडी फक्त रस्त्यावर चालवायची असेल तर पहिल्या टप्प्यापुढे जायची गरज मला दिसत नाही.

पुढच्या ब्रेकवर हवा नेणाऱ्या नळ्यांचा पर्याय राखून ठेवला आहे. डिस्कवरचा नारिंगी रंग पुन्हा बदलला तर आधी त्या लावू.

मोठ्या संचाला कायमचा नकार दिलेला नाही. मालक पुढेमागे ट्रॅकसाठी जास्त पकडीचे, मऊ रबराचे टायर घेणार असेल तर गणित बदलतं. टायरची पकड वाढली की गाडी जास्त जोरात मंदावते, वजन आणखी पुढे सरकतं, पुढच्या ब्रेकना द्यायचा योग्य वाटा वाढतो आणि उष्णताही वाढते. तेव्हा पुढे मोठ्या डिस्क आणि मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह ही जोडी विचारात घेऊ. त्या दिवशीही आधी तिन्ही रंग लावून गाडी ट्रॅकवर जाईल आणि मगच दुकानात पैसे मोजले जातील, एवढं आमच्यात ठरलं आहे.